एक अपघात आणि तीन घरे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी अपघाताचा विषय काढावा हे काहींना रुचणार नाही, ह्याची आम्हांस जाणीव आहे. परंतु अडल्यानडल्याच्या मदतीला धावणे हेच आपल्या ट्रस्टचे व्रत होय. बेळगावात व आसपासच्या खेड्यांत मालट्रकवर पोट असलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत. कोणी मालक, कोणी चालक, कोणी क्लीनर. तेव्हा हा विषय आपणांस परका नाही.

आम्ही वकिलीचा व्यवसाय करतो, आणि ट्रस्टकडे येणारे कायद्याचे प्रश्न आमच्याकडे पाठविले जातात. त्यांतील एकाच अपघाताची हकीकत येथे सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही.

आपल्यातील एक तरुण कागलकडील औद्योगिक वसाहतीत कामाला होता. रात्रपाळी करून सायकलने खोलीवर परतत असता मागून आलेल्या ट्रकने त्याला उडविले. चालक घाबरला, ट्रक तेथेच टाकून शेतातून पळाला. अर्ध्या तासाने दुसऱ्या एका गाडीवाल्याने त्या तरुणास दवाखान्यात पोहोचविले; पण अंगातील रक्त फार गेले होते. तो वाचला नाही. चालकही आपल्याच समाजाचा निघाला. सलग दोन रात्री त्याने डोळ्यांस डोळा लावला नव्हता. आणि ट्रकच्या आरसी बुकावर नाव होते आपल्याच एका वृद्ध सभासदांचे. त्यांनी तो ट्रक वर्षापूर्वीच स्टँपपेपरवर लिहून देऊन विकला होता; पैसे मिळाले, किल्ली दिली, व्यवहार संपला असे ते समजले. घेणाऱ्याने नाव बदलून घेतले नाही आणि विम्याचा हप्ताही भरला नाही.

एका अपघाताने अशी तीन घरे बसली. आता ह्यात जबाबदार कोण?

कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी दोन प्रकारची आहे. एक फौजदारी, तिचे फळ शिक्षा. दुसरी दिवाणी, तिचे फळ भरपाई. फौजदारी जबाबदारी प्रथम येते ती चाक ज्याच्या हातात होते त्याच्यावर. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास जुन्या दंड विधानाच्या कलम ३०४अ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत नेली आहे. ह्याच कलमात, अपघात करून खबर न देता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारा आणखी एक भाग आहे. त्यावर जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी संप केला, आणि बाकीची संहिता सुरू झाली त्या दिवशी तेवढा भाग अंमलात आणला गेला नाही.

चालक मंडळी म्हणतात, "साहेब, थांबलो तर लोक जीव घेतील." ही भीती खोटी नाही, आणि कायद्यानेही ती ओळखली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १३४ सांगते की जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. परंतु जवळच्या पोलीस ठाण्यावर लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, खबर दिलीच पाहिजे. आमच्या ह्या चालकाच्या मागे त्या रात्री जमाव नव्हता. रस्ता मोकळा होता. तो थांबला असता तर तरुण वाचला असता, असे आम्ही म्हणू शकत नाही. पण तो अर्धा तास त्या चालकास आयुष्यभर छळणार आहे, हे त्याने स्वतः आमच्यासमोर रडत सांगितले.

आता दिवाणी जबाबदारी. नोकराने कामावर असता केलेल्या चुकीची भरपाई धन्याने द्यावी, हे जुने तत्त्व आहे. म्हणूनच तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा प्रत्येक गाडीस सक्तीचा केला आहे. विमा चालू असेल तर पैसे कंपनी भरते, मालकाचे घर वाचते. आणि मालक म्हणजे कोण? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की गाडी विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावे, भरपाईच्या कामी तोच मालक. त्यामुळे निवाडा झाला तो आपल्या वृद्ध सभासदांवर. ज्या गाडीचे तोंडही त्यांनी वर्षभर पाहिले नव्हते, तिच्यापायी त्यांचे राहते घर जप्तीत आले. विक्रीची खबर त्याच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास द्यावयाची असते. फॉर्म २९ आणि ३० एवढेच ते काम. कंटाळा केला, आणि घर गेले.

मालकांना आणखी एक सांगणे आहे. मोटारकामगारास सामान्यतः दिवसाला आठ तास काम, ही मर्यादा १९६१ सालच्या कायद्यानेच आखून दिली होती. दोन रात्री न झोपलेल्या माणसाच्या हाती किल्ली देणारा धनी, "चूक ड्रायव्हरची" असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

मृताच्या घरच्यांसाठीही थोडे सांगतो. त्या तरुणाच्या पत्नीस वाटत होते की अपघात महाराष्ट्रात झाला, म्हणजे प्रत्येक तारखेस कोल्हापूर गाठावे लागणार. तसे नाही. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांस ही मोठी सोय आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मागण्याची तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे. चूक सिद्ध करता आल्यास मृताचे वय व कमाई पाहून त्याहून अधिक मिळू शकते. दाव्यास सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली आहे. तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. दिवस सरले की ताबडतोब पंचनाम्याची व फिर्यादीची नक्कल घ्यावी आणि वकिलाकडे जावे.

त्या वर्षी ट्रस्टकडे तीन अर्ज आले. विधवेचा अर्ज मुलांच्या शाळेच्या फीसाठी. चालकाच्या पत्नीचा अर्ज घरच्या धान्यासाठी. वृद्ध सभासदांनी स्वतः अर्ज केला नाही, ते मानी गृहस्थ. त्यांच्या नातवाने शिक्षणासाठी कर्ज मागितले. विश्वस्तांनी तिन्ही अर्ज एकाच बैठकीत मंजूर केले. कोणाचा दोष किती, हे न्यायालयाने पाहावे. उपाशी पोट कोणाचेही सारखेच, असे त्यांचे म्हणणे पडले. ते योग्यच झाले.

पण मदत ही नंतरची गोष्ट. म्हणून ह्या सुवर्णमहोत्सवात आमची एक नम्र सूचना आहे. ज्या सभासदांच्या नावे गाडी आहे, त्यांनी विम्याची व पासिंगची तारीख ट्रस्टच्या कार्यालयात नोंदवावी. तारीख संपण्याच्या पंधरा दिवस आधी कार्यालयाने त्यांस आठवण द्यावी. आणि कोणी गाडी विकली, तर नाव बदलल्याचा कागद दाखविल्यावरच आपल्या वहीतून ती कमी करावी. खर्च एका वहीचा आहे.