यंत्र काढून घेतल्यावर

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'आमची आवड' या विषयावर पंधरा मिनिटं बोला, असं सचिवांनी फर्मावलं तेव्हा त्यांना वाटलं असणार की आम्ही नाट्यसंगीतावर बोलू. तसं नाही. आम्ही नॉर्वेच्या एका बँडबद्दल बोलणार आहोत, आणि तेही कौतुक करायला नाही, तक्रार करायला. आधीच सांगितलेलं बरं. ज्यांना चहाला जायचं असेल त्यांनी खुशाल जावं.

दुसरा खुलासा. 'आम्ही' म्हणतोय ते स्वतःला मोठं करून नाही. आम्ही खरोखरच तिघं आहोत. याच इंदुरात एका गल्लीत वाढलो, एकाच वर्षी पॉलिटेक्निकला गेलो, दोघांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, एकानं सिव्हिलचा. आज तिघंही राज्य सरकारच्या नोकरीत, वेगवेगळ्या खात्यांत फायली पुढे सरकवतो. हे भाषण तिघांनी मिळून लिहिलंय. बोलायची चिठ्ठी आमच्यातल्या एकाच्या नावाची निघाली, एवढंच.

बँडचं नाव 'आ-हा'. हसू नका. मराठी माणसाला हे नाव समजायला शब्दकोश लागत नाही, ही त्यांची आमच्यावर पहिली मेहेरबानी. ऑस्लोची तीन पोरं: गाणारा मॉर्टन हार्केट, कीबोर्डवर माग्ने फुरुहोल्मेन, गिटारवर पॉल वॉक्टर. १९८२ साली एकत्र आली आणि नशीब काढायला लंडनला गेली. त्यांचं 'टेक ऑन मी' हे गाणं १९८४ साली आलं आणि पडलं. मग अ‍ॅलन टार्नी या निर्मात्यानं ते नव्यानं बांधलं, स्टीव्ह बॅरननं पेन्सिलीच्या चित्रांतून माणूस बाहेर येतो असा व्हिडिओ केला, आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं.

आमच्यापर्यंत ते यायला आणखी सात-आठ वर्षं लागली. एकाच्या आतेभावानं मुंबईहून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. वर नाव नाही, गाण्यांची यादी नाही. टेप लावला आणि आधी नुसते ठोके ऐकू आले. ढोलकी नाही, तबला नाही, ड्रमसुद्धा नाही. यंत्राचे ठोके, मिनिटाला जवळजवळ १७०. आणि त्यावर सिंथेसायझरची ती सुरावट, जी आज जगात कोणालाही गुणगुणून दाखवली तरी ओळखू येते. त्या गाण्याचे शब्द फारसे कोणाला पाठ नसतात, ती सुरावट असते. आम्ही ती कॅसेट इतकी वाजवली की शेवटी फीत ताणली गेली आणि हार्केटचा आवाज म्हशीसारखा येऊ लागला.

आमच्यातल्या एकाचे वडील म्हणजे नाना. गल्लीतले सगळेच त्यांना नाना म्हणतात, आणि या सभागृहात त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. मंडळाच्या भजनाला पेटी कोण वाजवतं हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या काळी नाना बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन बसायचे आणि आतल्या खोलीत आमचा टेप चालू असायचा. एक दिवस ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हुकुमचंद मिल बंद पडली, आता तिचा आवाज तुमच्या टेपात शिरला की काय? हे गाणं नाही रे, गिरणी आहे."

मिल बंद पडून तेव्हा वर्ष-दोन वर्षंच झाली होती. गल्लीतली तीन घरं त्या मिलवर चालायची. त्यामुळे नाना थट्टेनं बोलले तरी आम्ही हसलो नाही.

तेव्हापासून आमचं आणि नानांचं भांडण सुरू झालं, ते पंचवीस वर्षं चाललं. त्यांचं म्हणणं, यंत्राला श्वास नाही, दम लागत नाही, त्यामुळे ते चुकत नाही आणि म्हणून त्यात गाणं नाही. आमचं म्हणणं, तुम्ही गाणाऱ्याकडे बघतच नाही आहात. या गाण्याचं ध्रुपद खर्जात सुरू होतं आणि एकेक पायरी चढत तार सप्तकात जाऊन थांबतं. जवळजवळ अडीच सप्तकांचा पल्ला. खाली यंत्र आहे ते थांबत नाही, वाट बघत नाही, गाणाऱ्याला सांभाळून घेत नाही. तबलजी बुवांचा चेहरा बघून जरा सैल सोडतो. यंत्र सोडत नाही. त्याच्या वर माणसाचा गळा चढत जातो आणि आता फाटेल की मग, अशी भीती वाटते. त्या भीतीसाठीच आम्ही ते गाणं ऐकत होतो.

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या दोघांनी ५५५ नंबरच्या टायमर आयसीवर सहा-सात पट्ट्यांचं एक वाद्य बनवलं. वाद्य म्हणायचं इतकंच. घरच्या खोक्यात बसवलं आणि नानांसमोर सारेगम वाजवून दाखवलं. नाना म्हणाले, "गंधार उतरलाय." मग स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि स्वतः व्हेरिएबल रेझिस्टन्स फिरवत, शेजारी पेटीचा सूर धरून, तो गंधार लावून दिला. यंत्राशी त्यांचं वैर होतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मूळ तक्रार.

परदेशात १९८९ पासून एमटीव्हीवर 'अनप्लग्ड' नावाचा कार्यक्रम चालतो. म्हणजे विजेची वाद्यं बाजूला ठेवायची आणि साध्या गिटारवर, पियानोवर तीच गाणी म्हणायची. २०१७ च्या जूनमध्ये आ-हा नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गिस्के नावाच्या बेटावर गेले, एका लहानशा सभागृहात मोजक्या लोकांपुढे दोन संध्याकाळी गायले, आणि ऑक्टोबरात तो अल्बम आला. दिवाळीत आम्ही तिघं नानांच्या घरी जमलो. मोबाइलला स्पीकर जोडला, चकलीची परात मध्ये ठेवली.

अल्बम वाईट नाही. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. वाजवणारे जाणते आहेत, बेगडीपणा नाही. 'हंटिंग हाय अँड लो' हे गाणं मुळातच गिटारवर उभं होतं, ते तिथे अगदी आपल्या घरी असल्यासारखं वाटतं. 'समर मूव्ह्ड ऑन'मध्ये हार्केटबरोबर अ‍ॅलिसन मॉयेट गाते. ही बाई ऐंशीच्या दशकात याझू या दोघांच्या बँडमधून पुढे आली, जिथे तिचा एकटीचा गळा आणि समोर नुसती यंत्रं असा सामना असायचा. तिला इथे ऐकून आम्हाला बरं वाटलं.

आणि मग 'टेक ऑन मी' आलं. अगदी हळू. ठोके नाहीत. ती सुरावट आहे, पण झोपलेल्या पोराला जाग येऊ नये म्हणून पावलं न वाजवता चालावं तशी. हार्केट जपून, गोड गातो. सत्तावन वर्षांचा माणूस, त्यानं जपून गावं यात गैर काही नाही. पण त्याच्या खाली आता काही धावत नव्हतं. चढाव होता, पण चढायची घाई नव्हती, पडायची भीती नव्हती. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि आमच्या तिघांच्या हातातली चकली तशीच राहिली.

पुढे एका इंग्रजी सिनेमात, 'डेडपूल २'मध्ये, हीच चाल वापरली गेली आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य झालं: या गाण्यात इतकं दुःख आहे हे आत्ता कळलं, आता खरं गाणं ऐकू आलं. आम्हाला राग आला तो गाण्याचा नाही, या 'खरं' शब्दाचा. दुःख तिथे पहिल्यापासून होतं. मुलीच्या पाठवणीला बँडवाले जोरात वाजवत असतात आणि गाडीशी उभी असलेली आई डोळ्याला पदर लावते. बँड थांबवला तर तिचं रडणं जास्त खरं होतं का? फक्त लांबच्या पाहुण्यांनाही ते ऐकू येतं.

इथे कोणी म्हणेल, कलाकारानं बदलू नये की काय? देवास इथून तासाभराच्या वाटेवर आहे. कुमार गंधर्व क्षयातून उठून पाच-सहा वर्षांनी परत गाऊ लागले तेव्हा जुन्या श्रोत्यांतले कितीतरी नाराज झाले होते, हे याच मंडळातल्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकलंय. तेव्हा बदलाबद्दल आम्ही तोंड उघडू शकत नाही. पण कुमारांनी नवं गाणं मांडलं. आधीचं गाणं म्हणजे अंगावरचे दागिने होते आणि आता ते उतरवले, असं ते म्हणाले नाहीत.

दुसरं उदाहरण देतो. व्हिन्स क्लार्क. डेपेश मोड सुरू करणारा, मग मॉयेटबरोबर याझू, मग अँडी बेलबरोबर इरेजर. आयुष्यभर यंत्रांच्या मागे उभा राहिलेला माणूस. २००६ मध्ये इरेजरनंही गिटारवरचा अल्बम काढला, ब्रुकलिनच्या एका रस्त्याच्या नावाचा, 'युनियन स्ट्रीट'. तो ऐकूनही आम्ही फार उड्या मारल्या नाहीत. पण त्यांनी आपली गाजलेली नाचरी गाणी त्यात घेतली नाहीत, जुन्या अल्बमांमधली बहुतेक मागे पडलेली गाणी घेतली. हे शहाणपण आ-हाला सुचलं नाही, किंवा सुचूनही लोक ऐकणार नाहीत असं वाटलं असेल. लोकांना तेच एक गाणं हवं असतं.

तर दिवाळीचा तो दिवस. आम्ही गप्प बसलेले, आणि आरामखुर्चीतून नाना म्हणाले, "आज पहिल्यांदा तुमचं गाणं कळलं बुवा. चांगलं आहे की!"

त्यांनी कौतुकानंच म्हटलं. पण पंचवीस वर्षं ज्या माणसाशी भांडलो, त्याच्या शेजारी आमचाच बँड आपणहून जाऊन बसला होता. आमच्यातला सिव्हिलवाला जरा तापट आहे. तो म्हणाला, "नाना, मग पेटी रेडिओवर बंद का होती?"

खोलीत एकदम शांतता झाली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. कारण काय, तर हे परदेशी यंत्र, याचे सूर ठोकून बसवलेले, यात मींड नाही, यावर खरं गाणं होत नाही. नाना तरुण असताना एका बैठकीत त्यांना सांगितलं होतं, पेटी खाली ठेवा, आज सारंगी आहे. ते परत येताना पेटी खांद्यावर घेऊन राजवाड्यापासून घरापर्यंत चालत आले होते. हे त्यांच्या मुलाला ठाऊक होतं, आम्हाला त्या दिवशी कळलं. आमच्या मित्रानं तो प्रश्न विचारायला नको होता, असं आम्हाला आजही वाटतं.

बऱ्याच वेळानं नाना म्हणाले, "ते जुनं लावा."

आम्ही १९८५ चं लावलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. बोटं खुर्चीच्या हातावर पट्ट्या शोधत होती. संपल्यावर म्हणाले, "गिरणीच आहे अजून." मग थोडं थांबून, "पण आत कोणीतरी गातोय, हे खरं."

तो अल्बम आमच्या मोबाइलमध्ये आहे. त्यातलं 'हंटिंग हाय अँड लो' तेवढं आम्ही ऐकतो. 'टेक ऑन मी' ऐकायचं झालं की जुनंच लावतो, आवाज मोठा करून, आणि घरचे दार लावून घेतात.

जाता जाता एक. पुढच्या वर्षीपासून आरतीला पेटीऐवजी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. नानांचा विरोध आहे, ते समोरच बसले आहेत, मान हलवताहेत. आम्ही तिघंही सभासद आहोत आणि कोणत्या बाजूनं हात वर करायचा यावर आमचंच अजून एकमत झालेलं नाही. बैठक रविवारी संध्याकाळी पाच वाजता आहे, सगळ्यांनी यावं.

गणपती बाप्पा मोरया!