बूथाचा आकडा आणि शेतकऱ्याचे मत
(कळस येथील बैठकीतील भाषण)



2024 साली आपल्या भागाने साडेसहा महिन्यांत दोन निवडणुका पाहिल्या. 7 मे रोजी लोकसभेचे मतदान झाले, 20 नोव्हेंबरला विधानसभेचे. बारामतीच्या लोकसभेकडे त्या वेळी सगळा देश डोळे लावून बसला होता. दिल्ली-मुंबईचे वार्ताहर आपल्या बांधापर्यंत आले, ऊस कोणता आणि मका कोणता हे विचारून गेले, आणि निकाल लागल्यावर आपण मत का दिले हे आपल्यालाच सांगून मोकळे झाले. कोणी म्हणाले कांद्याने पाडले, कोणी म्हणाले सहानुभूतीने तारले. सहा महिन्यांनी तेच लोक म्हणाले की बहिणीच्या दीड हजाराने बाजी मारली.

आम्ही तेव्हापासून इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या वस्त्यांवर बसून लोकांशी बोलतो आहोत. आकड्यांची कागदे मांडतो आहोत. आज आपल्यापुढे त्याचाच हिशेब ठेवायचा आहे.

माती परीक्षणाचा नियम

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. माती परीक्षणाला नमुना कसा काढायचा हे आपल्यापैकी पुष्कळांना आम्ही दाखवले आहे. बांधालगतची माती घ्यायची नाही, शेणखताच्या ढिगाखालची घ्यायची नाही, झाडाच्या सावलीतली घ्यायची नाही. शेतात आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, माती एकत्र करायची, मग त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. ढिगाखालची माती तपासली तर अहवालात नत्र भरपूर दिसेल आणि पीक मात्र पिवळे पडेल.

निवडणुकीचा निकाल वाचतानाही असेच होते. ज्याला जे दाखवायचे त्याने त्या ढिगाखालचा नमुना काढायचा. म्हणून आपण सहाही विधानसभा मतदारसंघांत खड्डे घेऊ.

2019 साली सुप्रिया सुळे 1 लाख 55 हजार 774 मतांनी निवडून आल्या. समोर भाजपच्या कांचन कुल होत्या. 2024 साली त्याच 1 लाख 58 हजार 333 मतांनी निवडून आल्या. या वेळी समोर सुनेत्रा पवार. दोन्ही लीडमध्ये अडीच हजारांचा फरक. वरवर पाहणारा म्हणेल, काहीच बदलले नाही.

आता खड्डे घ्या. 2019 ला बारामती विधानसभेतून लीड होते सुमारे 1 लाख 27 हजारांचे, 2024 ला ते आले सुमारे 48 हजारांवर. इंदापुरात 70 हजारांच्या आसपास होते, ते आले साधारण 25 हजारांवर. म्हणजे आपल्या या दोन तालुक्यांत मिळून सव्वा लाखाच्या आसपास लीड कमी झाले. मग बेरीज जुळली कशी? खडकवासल्यात 2019 ला सुमारे 65 हजारांची पिछाडी होती, ती 20 हजारांच्या घरात आली. दौंडला आधी पिछाडी होती, तिथे आघाडी झाली. पुरंदर आणि भोरमध्ये आघाडी दुपटीहून अधिक वाढली. बेरीज तीच, पण शिवार सगळे उलटेपालटे झालेले.

कांद्याने किती केले?

आता कांद्याचे बोलू. आमच्या संघटनेच्या व्यासपीठावरून सर्रास सांगितले गेले की कांद्याने हा निकाल लावला. हे ऐकायला आपल्याला बरे वाटते. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसवले. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद केली. 31 मार्चला बंदी उठणार म्हणून लोकांनी कांदा धरून ठेवला, तर मार्चमध्येच मुदत वाढवली. उठवली कधी? 4 मे 2024 ला, आपल्या मतदानाच्या तीन दिवस आधी. तीही 550 डॉलर टनाची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क ठेवून. 1980 साली चाकणला आपल्या याच जिल्ह्यात शेतकरी कांद्यासाठी रस्त्यावर बसला. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनीही दिल्लीची रीत तीच, हे खरे. लोकांचा राग खरा होता, हेही खरे.

पण रागानेच लीड ठरले असते तर इंदापुरात ते वाढायला हवे होते. ते घटले. आणि खडकवासल्यात, जिथे सिंहगड रस्त्याच्या सदनिकांत कांदा फक्त कोशिंबिरीपुरता येतो, तिथे पिछाडी कमी झाली. याचा अर्थ दुसरीही कारणे होती. 2019 ला शिवसेना समोरच्या बाजूला होती, 2024 ला तिचा एक भाग सुळे यांच्याबरोबर आला. राष्ट्रवादी 2023 च्या जुलैत फुटली, घर फुटले, गावागावातला गट फुटला. जी मते 2019 ला एका ढिगात होती ती दोन ढिगांत गेली. म्हणून बारामती-इंदापुरात लीड कमी झाले.

मग कांद्याने काही केलेच नाही का? केले. दौंड, पुरंदर या भागांत जी मते सरकली त्यात कांद्याचा आणि दुधाच्या पडलेल्या दराचा वाटा होता, असे आम्हाला बोलण्यातून दिसते. किती होता ते कोणी वेगळे काढू शकत नाही, कारण एकाच हंगामात बियाणे बदलले, खत बदलले आणि पाऊसही बदलला तर उत्पन्न कशाने वाढले हे सांगता येत नसते. आम्ही मात्र सगळे श्रेय कांद्याला देऊन मोकळे झालो. त्याची फळे नोव्हेंबरात भोगली.

इंदापूरचा धडा

मे महिन्यात इंदापुरात एक मोठी गोष्ट घडली, तिच्याकडे फार कमी लोकांनी पाहिले. तालुक्याचे आमदार दत्तात्रय भरणे सुनेत्रा पवारांच्या प्रचारात होते. त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी हर्षवर्धन पाटील तेव्हा भाजपमध्ये, म्हणजे तेही त्याच बाजूला. 2014 पासून ज्या दोघांत तालुका अर्धा अर्धा वाटला जातो, 2019 ला तर फरक फक्त 3 हजार 110 मतांचा होता, ते दोघे एका मांडवात. कारखाने, पतसंस्था, दूध संघ यांतली बहुतेक वजनदार माणसे त्यांच्या मागे. आणि मतपेटीतून साधारण 25 हजारांचे लीड निघाले दुसरीकडे.

भावांनो, सर्व पुढारी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हे या तालुक्यात सहजासहजी होत नाही. ज्याचा ऊस कारखान्याच्या तोडीवर अवलंबून, ज्याचे पाणी कालव्याच्या पाळीवर अवलंबून, ज्याच्या सोसायटीचे कर्ज दरवर्षी नवे-जुने करायचे असते, त्याने गुपचूप आत जाऊन वेगळे बटण दाबले. हे मत कोणाला गेले याच्याशी आमचे देणेघेणे नाही. माणूस एकटा आत गेला आणि स्वतःच्या मताने बाहेर आला, ही गोष्ट आमच्या लेखी मोठी आहे.

नोव्हेंबरात काय झाले तेही सांगतो. पाटील ऑक्टोबरात शरद पवारांच्या पक्षात गेले आणि उमेदवार झाले. प्रवीण माने अपक्ष उभे राहिले. भरणे यांना 1 लाख 17 हजार 236, पाटील यांना 97 हजार 826, माने यांना 37 हजार 917. भरणे 19 हजार 410 मतांनी आले. पाटील आणि माने यांची मते जोडली तर भरण्यांच्या पुढे जातात, असे चहाच्या टपरीवर अजून सांगतात. पण मते ही पोत्यातली ज्वारी नव्हे की दोन पोती एकात ओतावीत. मानेंना मिळालेले प्रत्येक मत पाटलांनाच पडले असते असे कोणी सांगावे?

बारामतीत तर वाराच फिरला. मे महिन्यात सुमारे 48 हजारांनी मागे असलेली बाजू नोव्हेंबरात 1 लाख 899 मतांनी पुढे गेली. अजित पवारांना 1 लाख 81 हजार 132, युगेंद्र पवारांना 80 हजार 233. फरक फिरला जवळजवळ दीड लाखाने. पण लक्षात घ्या, एक माणूस इकडून तिकडे गेला की फरक दोनाने बदलतो. मतदान तेवढेच धरले तर पाऊण लाखाच्या आसपास माणसांनी हात बदलला. 'लोकसभेला ताई, विधानसभेला दादा' असे लोक आधीपासून म्हणत होते. शहरातल्या विद्वानांना तो विनोद वाटला. प्रत्यक्षात त्या माणसाने दिल्लीचे काम आणि गावचे काम यांचे दोन वेगळे हिशेब मांडले होते.

मायबहिणींचे मत

आमच्या कार्यकर्त्यांनी नोव्हेंबरच्या निकालानंतर एक फार वाईट वाक्य उच्चारले: 'बाया दीड हजाराला विकल्या गेल्या.' हे वाक्य या संघटनेत पुन्हा ऐकू येता कामा नये.

जुलै ते नोव्हेंबर असे पाच हप्ते मतदानापूर्वी खात्यात आले, साडेसात हजार रुपये. उसाची पहिली उचल कोणाच्या खात्यात येते? दुधाचा पगार कोणाच्या नावाने निघतो? धारा काढते ती, शेण उचलते ती, खुरपते ती, आणि सातबाऱ्यावर नाव त्याचे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, त्यालाही तीस वर्षे होऊन गेली. त्यानंतर आपण किती जणांनी घरधनिणीच्या नावावर गुंठाभर जमीन केली? इथे हात वर करायला आम्ही सांगत नाही, कारण आमच्यातलेही फार थोडे हात वर जातील. ज्या बाईच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचा पैसा आला, तिने त्याची जाण ठेवली तर ती विकली गेली असे म्हणणारे आपण कोण?

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे वीजबिल माफ झाले, ते गडीमाणसांनी घेतलेच ना? तेव्हा कोणी म्हटले नाही की गडी विकले गेले.

आमची चूक वेगळी आहे. आम्ही मे महिन्यात कांद्याचा राग मोजला, नोव्हेंबरात त्याच रागावर विसंबलो, आणि मधल्या काळात भावाचा प्रश्न घराघरात नेला नाही. 13 सप्टेंबर 2024 ला कांद्याचे शुल्क 20 टक्क्यांवर आणले, किमान निर्यात किंमत काढली. सरकारने आपले पत्ते खेळले, आमच्या हातात पत्ताच नव्हता. मत मिळाल्यावर काय होते तेही पाहिले. कर्जमाफीचे आश्वासन ऐकून ज्यांनी पीककर्ज थकवले, त्यांना मार्च 2025 अखेर राज्याच्या अर्थमंत्र्यांनी बारामती भागातच सांगितले की 31 मार्चपूर्वी पैसे भरा.

बूथाच्या आकड्याची धास्ती

आता शेवटची आणि सर्वांत नाजूक गोष्ट.

पूर्वी कागदी मतपत्रिका होत्या. गरज वाटेल तिथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची तरतूद निवडणूक नियमांत आहे, 59-अ या नियमात. कोणत्या वाडीने कोणाला मत दिले हे कळू नये, हा तिचा हेतू. मतदान यंत्र आले आणि प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा वाचला जाऊ लागला. 2024 च्या निवडणुकांत एका केंद्रावर हजार-दीड हजार नावे असत. गाव लहान असेल तर बूथ म्हणजे दोन वस्त्या आणि एक आळी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या हातात यादी असते. अमुक वस्तीने आपल्याला मागे ठेवले, हे त्याला नावानिशी नाही, पण वस्तीनिशी कळते.

एप्रिल 2024 मध्ये इंदापुरातच एका सभेत निधी आणि बटण यांची सांगड जाहीरपणे घातली गेली, ती आपण सर्वांनी ऐकली. बोलणारा हसत बोलतो, ऐकणारा हसत नाही. निकालानंतर एका वस्तीवर आम्हाला लोक कानात विचारत होते, 'आमची तोड यंदा मागं ढकलतील का? चारीचं पाणी येईल ना?' पुढे तोड आली का, पाणी आले का, हा प्रश्नच नाही. माणसाच्या मनात ही शंका आली, तिथेच त्याचे मत अर्धे हिरावले गेले.

याला उपाय आहे. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे टोटलायझर नावाचे उपकरण वापरावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने 2008 मध्ये केली. विधी आयोगाने 2015 च्या अहवालात तिला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने ती मानली नाही. बूथवार आकडे कळले तर मागे पडलेल्या भागात काम करता येते, असे त्यावर सांगितले जाते. काम करता येते हे खरे, पण त्याच आकड्याने काम अडवताही येते. आमचे म्हणणे इतकेच की ही मागणी शेतकऱ्यांच्या संघटनेने उचलली पाहिजे. उसाचा वजनकाटा बरोबर असावा म्हणून आपण भांडतो, तसे मत गुप्त राहावे म्हणूनही भांडले पाहिजे.

तोवर आपण काय करायचे?

एक. बूथवार निकालाचा नमुना 20 हा जाहीर कागद असतो. तो मिळवा, वाचा, पण चावडीवर वस्तीचे नाव घेऊन कोणाला बोलू नका. पुढाऱ्याने केले तर दहशत आणि आपण केले तर चर्चा, असे होत नाही.

दोन. तोड, पाळी किंवा कर्ज मतावरून अडल्याचे दिसले तर तारीख, नोंद क्रमांक आणि पावती घेऊन संघटनेकडे या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

तीन. पुढची निवडणूक ग्रामपंचायतीची असो, सोसायटीची असो की कारखान्याची, तिच्या आधी गावात बसून पाच प्रश्न लिहून काढा. भाव, पाणी, वीज, कर्ज आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव. येईल त्या उमेदवाराला तेच पाच विचारा आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा. ते प्रश्न लिहायला बसतील त्यांत निम्म्या बाया असाव्यात.

आपले मत कोणाला द्या हे आम्ही सांगणार नाही, आजवर सांगितले तेव्हा फारसे कोणी ऐकलेही नाही. मे महिन्यातही आपण आपल्या मनाने गेलात, नोव्हेंबरातही. तेवढी हिंमत आपल्यात आहे, हे आकड्यांनीच दाखवले. ती हिंमत पाच प्रश्नांच्या वहीला जोडायची, एवढेच काम उरले आहे. आज उठण्यापूर्वी प्रत्येक वस्तीने वही कोण ठेवणार त्याचे नाव द्यावे, ही विनंती.