दवाखान्यातले चिवट जंतू

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत एका निवृत्त परिचारिका ताईंनी केलेले भाषण)



गटातून उचललेल्या कर्जाचं कारण ‘आजारपण’ असं किती वेळा लिहावं लागतं, ते तुमच्या सचिवताईंना विचारा. आज त्यातल्याच एका आजारपणाबद्दल बोलते. पेशंट एका दुखण्यासाठी ॲडमिट होतो आणि दुसरं दुखणं त्याला दवाखान्यातच लागतं. सिझरचे टाके पिकतात, लघवीच्या नळीवाटे जंतू आत शिरतात, सलाईनची जागा सुजते. औषध चालू असतं, पण ताप उतरत नाही. डॉक्टर औषध बदलतात, तेही लागू पडत नाही. मग महागडी इंजेक्शनं, आणि मुक्काम वाढतो.

असं का होतं? कपाशी लावणाऱ्या बायकांना हे लवकर कळेल. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मरायची. पण त्यातूनही एखादी अळी वाचली, तिची पैदास वाढली, आणि आज गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नाही. जंतूंचं तसंच आहे. अँटिबायोटिकने लेचेपेचे मरतात, चिवट उरतात. वर हे चिवट जंतू आपली युक्ती दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात, आपण शेजारणीला दोडक्याचं बी देतो तशी! दवाखान्यात औषधांचा मारा जास्त आणि आजारी माणसं जवळजवळ, म्हणून तिथं यांचं फावतं.

सगळ्यात जास्त धोका बाळांना. दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागातल्या तेरा हजारांहून जास्त नवजात बाळांची पाहणी झाली. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले, त्यांत ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू सर्वांत जास्त होता, आणि त्यातले बहुतेक जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते.

हा जंतू कोरड्या जागेवरही कित्येक दिवस जगतो. कॉटचा दांडा, टेबल, मोबाईल. तिथून तो आपल्या हातावर येतो आणि हातावरून बाळाकडे जातो. म्हणून बाळाला किंवा जखमेला हात लावण्याआधी साबणाने निदान चाळीस सेकंद हात धुवा, बोटांच्या बेचक्यांतही. पेशंटच्या कॉटवर बसू नका. पट्टी उघडून ‘बघू तरी’ म्हणू नका. आणि बारशाआधीच अर्धं गाव बाळ बघायला नेऊ नका. सासूबाई रागावल्या तर माझं नाव सांगा!

सिस्टरना विचारायला भिऊ नका. ‘ताई, ही लघवीची नळी अजून लागणार आहे का?’ नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त. चांगल्या सिस्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता घरचं. साध्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, तरी आपण मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो. बरं वाटलं की उरलेल्या डब्यात, आणि पुढं त्याच जावेला. असं करू नका. डॉक्टरांनी लिहून दिलं तरच घ्या आणि सांगितले तेवढे दिवस घ्या. अनेक अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. २०१६ पासून सरकार ती ओळखायला सांगतंय.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला औषधांचा डबा घेऊन या. लाल रेघेची पाकिटं कोणती, ते आपण एकत्र बसून बघू.