‘शांतता भंग होईल’, पण कुणाच्या मते?



१४४ हा आकडा बेळगावात शेंबड्या पोरालाही पाठ. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा १६३ झाला. आकडा बदलला, मजकूर जवळपास तोच.

राज्यशास्त्र शिकतोय म्हणून मी ते कलम मुळातून वाचलं. सगळी गोम ‘मते’ या एका शब्दात आहे. दंडाधिकाऱ्याच्या मते तातडीचा प्रतिबंध गरजेचा असेल, तर तो आदेश काढू शकतो. शांतता भंग झालेली असायला नको, होईल असं त्याला वाटलं की पुरे. घाईचं प्रकरण असेल तर तुमचं न ऐकताही. आदेश दोन महिने चालतो. तो रद्द करा म्हणून अर्ज कुणाकडे? कलमातच लिहिलंय, त्याच दंडाधिकाऱ्याकडे! आयुक्तालय असलेल्या शहरात तर हे अधिकार पोलीस आयुक्तांकडेच असतात. म्हणजे परवानगी नाकारणारे, जमावबंदी लावणारे आणि उचलून नेणारे एकाच छपराखाली.

कोर्टात जाता येतं, मान्य. पण मेळावा असतो एका दिवसाचा. १९ डिसेंबर २०२२ ला व्हॅक्सिन डेपोवरचा महामेळावा असाच रोखला, कार्यकर्त्यांना ताब्यात घेतलं. अशा वेळी संध्याकाळी सोडून दिलं तरी दिवस गेला तो गेलाच. नंतर निकाल आपल्या बाजूने लागून उपयोग काय?

आणि हे फक्त कानडी अधिकारी करतात असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे कलम वैध ठरवलं, तो बाबूलाल पराते यांचा खटला आपल्या नागपूरचा. कामगारांच्या तंट्यात तिथेही हेच कलम लावलं होतं. बेलगाम अधिकार कुणाच्याही हातात तसेच चालतात.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. २०२० च्या अनुराधा भसीन निकालात न्यायालयाने सांगितलं की वेगळं मत दाबायला हे कलम वापरता येणार नाही, आदेशात ठोस कारणं हवीत, तो प्रसिद्ध व्हायला हवा, आणि एकामागून एक तसेच आदेश काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे.

तेव्हा पुढचा आदेश निघाला की स्टेटसला संताप टाकण्याआधी त्याची प्रत मिळवा. कन्नडमध्ये असेल तर वाचून घ्या, आपल्यात कन्नड येणारे कमी नाहीत. कारणांचा परिच्छेद बघा. मागच्या वर्षीचा आदेश शेजारी ठेवा. शब्दन्‌शब्द तोच निघाला, तर दोन्ही प्रती घेऊन वकिलाकडे जा, मेळाव्याच्या आधी.