स्मिता पाटीलच्या तीन बाया आणि आपला गट

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी उरकून कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल, कुणी रानात बांधावर बसून मोबाईलवर ऐकत असाल. हातातलं काम चालू राहू द्या. नेहमी आम्ही बचत, कर्ज आणि परतफेडीवर बोलतो. आज सिनेमावर बोलणार आहोत. हिशेब त्यातही येईल, कारण इतकी वर्षं गटांचं काम करून आमचे डोळेच तसे झालेत. पडद्यावर बाई दिसली की आम्ही आधी बघतो, हिच्या हातात पैसा आहे का, आणि कागदावर सही कुणाची आहे.

आम्हाला सिनेमाचं वेड आहे हे आमच्या सगळ्या गटांना ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात महिन्याच्या बैठका झाल्यावर आम्ही समाजमंदिराच्या भिंतीला पांढरी चादर लावली, प्रोजेक्टर मागून आणला आणि तीन बैठकांना तीन सिनेमे दाखवले: ‘मंथन’, ‘उंबरठा’ आणि ‘मिर्च मसाला’. तिन्हींत स्मिता पाटील आहे. तरुण मुलींनी विचारलं, एवढे जुने कशाला? म्हाताऱ्या मावश्यांनी विचारलं, रडायला येईल का? रडायला आलं, भांडणंही झाली. त्यातलंच आज तुम्हाला सांगायचं आहे.

स्मिता पाटीलचा जन्म पुण्याचा, १९५५ सालचा. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या द्यायची, तिथून सिनेमात आली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, नुकतंच बाळ झालेलं असताना, ती गेली. वय अवघं ३१. सावळा रंग, मोठे डोळे, आणि चालणं असं की ही खरंच डोक्यावर हंडा घेऊन आली आहे असं वाटावं. रोजच्या मालिकेतली सून रात्री झोपतानाही दागिन्यांनी मढलेली असते. त्या मालिका आम्हीही बघतो, बघू नका असं सांगणार नाही. पण त्या सुनेच्या हाताला शेणाचा वास असेल असं कधी वाटत नाही. स्मिताच्या बायांना तो असतो.

पहिला सिनेमा ‘मंथन’, १९७६ सालचा. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. भाषा हिंदी, गाव गुजरातमधलं. हा सिनेमा काढायला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. हिशेब करा, दहा लाख रुपये झाले. सिनेमा लागला तेव्हा ट्रक भरभरून लोक आले, आपलाच सिनेमा बघायला. हे सांगितलं तेव्हा एक आक्का म्हणाल्या, “म्हणजे ही पण वर्गणीच झाली की!” आम्हाला ते फार आवडलं.

गोष्ट अशी. गावात मिश्रा नावाचा खासगी डेअरीवाला दूध घेतो आणि मनाला येईल तो भाव देतो. शहरातून डॉक्टर राव येतात. दुधाचे नमुने तपासून, फॅटप्रमाणे भाव देणारी सहकारी संस्था उभी करायची म्हणतात. गावाचा विश्वास बसत नाही. सरपंचाला संस्था आपल्या हातात हवी असते. बिंदू ही वस्तीवरची गरीब बाई. पदरात मूल, दारात म्हैस. स्मिताने ही बिंदू केली आहे. बिंदू फटकळ आहे. डॉक्टर दुधाचा नमुना न्यायला येतात तेव्हा ती त्यांना सरळ उभंही करत नाही. आमच्या बाया तिथं खळखळून हसल्या. आपल्याकडेही बाहेरचा साहेब आला की आधी असंच होतं.

पण या सिनेमातली जी गोष्ट आमच्या मनातून गेली नाही, ती अंगठ्याची. बिंदू अडचणीत सापडते, तेव्हा तोच मिश्रा मदतीचं नाव करून कागदावर तिचा अंगठा घेतो. तिला वाचता येत नाही. पुढं त्याच कागदाचा उपयोग डॉक्टरांवर घाणेरडा आरोप करायला होतो. तिच्या एका अंगठ्याने तिचीही अब्रू गेली आणि गावाची संस्थाही अडचणीत आली. चादरीवर तो प्रसंग चालू असताना समाजमंदिरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. कारण तिथं बसलेल्या किती जणींनी, घरचा कुणी म्हणाला “इथं सही कर” म्हणून, न वाचता सही केली आहे, हे ज्याचं त्याला माहीत होतं. एका ताईने दुसऱ्या दिवशी घरी जाऊन पत्र्याच्या पेटीतले सगळे कागद काढले आणि आठवीतल्या मुलीकडून वाचून घेतले. आपल्या नावावर एक कर्ज आहे, हे तिला तेव्हा कळलं. पैसे कुठं गेले हे तिने नवऱ्याला विचारलं. घरात चार दिवस अबोला होता. पण विचारलं.

आमचं या सिनेमाबद्दल एक गाऱ्हाणं आहे. शेवटी डॉक्टर निघून जातात आणि संस्था पुढं चालवायला वस्तीवरचा भोला उभा राहतो. ते छानच आहे. नसीरुद्दीन शाहने भोला असा केलाय की त्याचा रागही येतो आणि मायाही. पण बिंदूचं काय? म्हशीचं चारापाणी, शेण आणि धार काढणं हे सगळं बाईच करते. मग संस्थेत नाव कुणाचं? सिनेमा बिंदूला तिथंच सोडतो. आमच्या एका गटाने यावर बोलून गावच्या डेअरीतल्या सभासदांची यादी मागून घेतली. यादीत बायांची नावं किती निघाली हे आम्ही सांगत नाही. तुम्ही आपल्या गावची यादी बघा.

दुसरा सिनेमा ‘उंबरठा’. १९८२ साल, दिग्दर्शक जब्बार पटेल, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून काढलेला. यातली सुलभा शिकलेली आहे, वकिलाची बायको आहे. सासू स्वतः समाजकार्यात नाव मिळवलेली. नवरा मारत नाही, घरात खायला-ल्यायला कमी नाही. तरीही सुलभाला स्वतःचं काम हवं असतं. परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून ती नोकरी घेते आणि लहान मुलीला जावेजवळ ठेवून जाते.

यावर इतकं भांडण झालं की चहा तसाच निवला. एकीकडच्या म्हणाल्या, “पोटची पोर टाकून जाते ती कसली आई?” दुसरीकडच्या म्हणाल्या, “नवरा नोकरीसाठी मुंबईला गेला तर त्याला कुणी म्हणतं का पोर टाकली म्हणून?” मग एक ऊसतोडीला जाणाऱ्या ताई बोलल्या. त्या कधी बैठकीत बोलत नाहीत. म्हणाल्या, “आम्ही दरवर्षी पोरं सासूपाशी ठेवून सहा महिने जातो. आम्हाला कुणी विचारलं नाही, आई हायेस का म्हणून. पोटासाठी गेलं तर चालतं. मनासाठी गेलं की लोक विचारतात.” त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आमचं मत विचाराल तर सुलभाचं जाणं आम्हाला पटतं. मुलीचं दूर होणं बघून पोटात तुटतंही. दोन्ही एकदम वाटतं, आणि सिनेमा त्यातलं काहीच लपवत नाही म्हणून तो आम्हाला मोठा वाटतो. आश्रमात ती शिस्त आणते, हिशेबातले घोळ शोधते, वरच्या लोकांना नडते. शेवटी चौकशी बसते तेव्हा बोट मात्र तिच्याकडेच होतं. घरी परत येते तर नवऱ्याने दुसरीशी संबंध ठेवलेला असतो, आणि तो ते शांतपणे सांगतो. ती पुन्हा घर सोडते आणि रेल्वेत बसते.

इथं एक मावशी म्हणाल्या, “बसली खरी, पण उतरल्यावर कुणाच्या दारात जाईल?” सिनेमा त्याचं उत्तर देत नाही. मावशींच्या प्रश्नात आमचा सगळा गट येतो. ज्या बाईच्या नावावर बँकेत चार पैसे आहेत आणि अडीअडचणीला जिच्या हाकेला दहा जणी येतात, तिला उतरायला ठिकाण असतं. गटाची बचत फक्त शिलाई मशीन आणि शेळीसाठी असते असं समजू नका.

तिसरा ‘मिर्च मसाला’. दिग्दर्शक केतन मेहता. स्मिता गेल्यानंतर, १९८७ साली तो लागला. काळ इंग्रजांचा, गाव गुजरातचं. वसुलीला आलेला सुभेदार गावाबाहेर तंबू ठोकून बसतो. त्याची नजर सोनबाईवर पडते. ती त्याच्या कानाखाली वाजवते आणि पळत सुटते. शिपाई मागं लागतात, तेव्हा ती मिरची कांडायच्या कारखान्यात शिरते. म्हातारा राखणदार अबू मियाँ आतून दार लावून घेतो. ओम पुरीने हा म्हातारा केला आहे. सुभेदार सांगतो, बाई माझ्या हवाली करा, नाहीतर गाव उद्ध्वस्त करीन.

आता बघा काय होतं. गावातले बापे बसतात आणि ठरवतात, एका बाईपायी गाव कशाला बुडवायचं? देऊन टाकू. एकटा शाळेचा मास्तर विरोध करतो, तर त्यालाच मार पडतो. त्याहून वाईट म्हणजे कारखान्यातल्या बायाही सोनबाईवर उलटतात. तुझ्यामुळं आम्ही इथं अडकलो, जा बाहेर, असं म्हणतात. सुभेदाराची भीती वाटावी हे समजतं. आम्हाला जास्त भीती या बायांची वाटली, कारण त्या ओळखीच्या होत्या.

आमच्या एका गटात त्याच महिन्यात असंच घडलं होतं. दहा जणींनी एका खासगी कंपनीचं कर्ज घेतलं होतं, एकमेकींना जामीन राहून. एका ताईचा नवरा आजारी पडला, तिचे दोन हप्ते चुकले. वसुलीवाला संध्याकाळी सात वाजता आला आणि बाकीच्या नऊ जणींना तिच्या अंगणात बसवून म्हणाला, पैसे मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही. घरी लेकरं उपाशी, स्वयंपाक राहिलेला. मग नऊ जणी कुणावर चिडल्या? त्या ताईवर. “गॅस सिलेंडर विक, भांडी विक, आमची सुटका कर” म्हणाल्या.

सिनेमा बघितल्यावर त्यांच्यातलीच एक जण उठून म्हणाली, “आपण पण दार उघडायला निघालो होतो.” त्या रात्रीच बसून ठरलं. गटाच्या बचतीतून त्या ताईला अंतर्गत कर्ज द्यायचं, दोन हप्त्यांपुरतं, ठराव लिहून आणि सह्या करून. आणि वसुलीवाल्याला सांगायचं, दिवसा, बैठकीच्या ठिकाणी ये. ही मेहेरबानी मागायची नाही. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर त्रास देता येत नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची असते. शिवीगाळ, धमकी किंवा नातेवाईक-शेजाऱ्यांना छळणं चालत नाही. कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. कर्ज फेडायचंच असतं, त्यातून सुटका नाही. पण अंगणात बसवून ठेवायचा हक्क कुणालाही नाही.

सिनेमाचा शेवट तुम्हाला माहीत असेल. दार फुटतं, अबू मियाँ गोळी लागून पडतो आणि सोनबाईला बाहेर काढा म्हणणाऱ्या त्याच बाया कांडलेली मिरची उचलून सुभेदाराच्या तोंडावर मारतात. आमच्या समाजमंदिरात टाळ्या थांबेनात. पण टाळ्यांआधी मुखियाची बायको होते. दीप्ती नवलने ती केली आहे. लेकीला शाळेत घालायला निघते म्हणून नवरा तिला छळतो, तरी तीच गावातल्या बायांना घेऊन थाळ्या बडवत रस्त्यावर येते. आम्हाला विचाराल तर या सिनेमातलं सगळ्यात धाडसाचं काम तेच आहे. आतल्या बाया कोंडल्या होत्या, त्यांना मार्गच नव्हता. मुखियाच्या बायकोला घरात गप्प बसता आलं असतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात असा एखादा सिनेमा लावायचा असेल तर मोठा खर्च नाही. तालुक्याला कुणाकडे तरी प्रोजेक्टर असतोच. शाळेच्या बाईंना विचारा. बैठक, बचत, हिशेब आधी उरकून घ्या, सिनेमा मग. आणि संपल्यावर लगेच घरी पळू नका, अर्धा तास बोला. आमच्या अनुभवात तीन प्रश्न विचारले की सगळ्या बोलतात. हिच्या हातात पैसा होता का? हिने कशावर सही केली, आणि वाचून केली का? आणि हिच्यावर वेळ आली तेव्हा बाकीच्या बाया कुठं होत्या? ज्या ताई कधी बोलत नाहीत त्यांना आधी बोलू द्या. आणि ‘माहेरची साडी’ लावायचा आग्रह कुणी केला तर तोही लावा. रडायचाही हक्क आहे आपल्याला. फक्त प्रश्न तेच तीन विचारा, मग बघा काय निघतं.

पुढच्या वेळी आपण गटाच्या वार्षिक लेखापरीक्षणाची तयारी कशी करायची ते बघू. हिशेबाची वही आणि बँकेचं पासबुक जवळ घेऊन बसा. तोवर रामराम!