वाढत्या वयांतील बास्केटबॉल

चेंडू उंच कड्यांतून पार करावयाचा, एवढाच ज्या खेळाचा हेतु, तो मुलांच्या शरीराकडून काय काय मागतो याचा विचार आपल्या घरीं क्वचितच होतो. मुलगा शाळेच्या संघांत आला कीं आपणांस आनंद होतो. जिल्ह्याच्या संघांत गेला कीं तो दुणावतो. परंतु निवड एका दिवसांत होते. हाडें, स्नायु व सांधे यांस नव्या पायरीची सवय होण्यास महिने लागतात. या अंतराविषयीं, श्रोतेहो, आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

१८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें हा खेळ काढला. हिवाळ्यांत बंदिस्त जागेंत विद्यार्थ्यांस व्यायाम घडावा, पण धसमुसळेपणा होऊं नये, म्हणून चेंडू घेऊन धावण्यास त्यानें मनाईच केली होती. आज २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद मैदानावर दहा खेळाडू धावतात, आणि चेंडू हातीं आल्यापासून २४ सेकंदांत तो कड्याकडे फेकावा लागतो. ऑस्ट्रेलियांतील वरिष्ठ खेळाडूंची १९९५ सालीं प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते कीं, एका सामन्यांत खेळाडूच्या हालचालीचा प्रकार सुमारें हजार वेळां, म्हणजे दर दोन सेकंदांनीं, बदलतो. धावणें, थबकणें, वळणें, उडी मारणें, पुन्हां धावणें, असें हें चक्र आहे.

शाळेच्या सामन्यांत या चक्रास मधून मधून विसांवा मिळतो. चेंडू बाहेर जातो, प्रतिपक्षाचा पहारा ढिला पडतो, मुलाला श्वास घेण्यास सवड होते. वरच्या पायरीवर हे विसांवेच आंखडतात. पहारेकरी अंगाशीं भिडून उभा राहतो, आणि चेंडू गमावतांच सर्वांना मागें धाव घ्यावी लागते. ट्युनिशियांतील कुमार खेळाडूंच्या पाहणींत, राष्ट्रीय पातळीवरील मुलांपेक्षां आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांच्या रक्तांत श्रमानें साठणारें लॅक्टेट अधिक आढळलें. केवळ धावण्याचें अंतर मोजून ही तफावत कळत नाहीं.

आतां यांत वयाची भर घाला. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षीं व मुलांची चौदाव्या वर्षीं सर्वांत झपाट्यानें वाढते. निवडीची धांदल याच सुमारास सुरू होते. वाटीखालील स्नायुबंध नडगीच्या वरच्या, अजून कोवळ्या भागास वारंवार ओढतो आणि तेथें टेंगूळ येऊन दुखूं लागतें. ऑस्गुड व श्लॅटर या दोन वैद्यांनीं १९०३ सालीं या विकाराचें वर्णन केलें. तें दुखणें बहुधा वाढ पुरी होतांच थांबतें. पण ‘थोडें सोसावें’ म्हणून त्यावरच उड्या मारीत राहणें शहाणपणाचें नव्हे. मुलींच्या बाबतींत उडीवरून उतरतांना वा एकाएकीं वळतांना गुडघ्याच्या आंतील अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांहून पुष्कळ अधिक असतो. गुडघे वांकवून, ते आंत न झुकवितां, हलकेंच उतरण्याचा अभ्यास प्रत्येक सरावाच्या आरंभीं केल्यास तो बराच कमी होतो.

लहानांसाठीं कडें ३.०५ मीटरांऐवजीं २.६० मीटरांवर बांधतात व चेंडूही लहान देतात. पण हुशार मुलाची अडचण निराळी आहे. तो शाळेकडून, क्लबाकडून आणि जिल्ह्याकडूनही खेळतो. प्रत्येक शिक्षक आपापले तास मोजतो. बेरीज कोणीच करीत नाहीं. अमेरिकेंत २०१६ सालीं निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनीं बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं आठवड्याला फार तर १० तास व निदान एक दिवस पूर्ण विश्रांति सांगितली. चौदाव्या वर्षापर्यंत एकाच खेळास वाहून घेऊं नये, असेंही सुचविलें.

ही बेरीज घरींच व्हावयास हवी. भिंतीवरील दिनदर्शिकेवर सराव व सामने मांडावे, झोंपेचे तास मांडावे, आणि गुडघा दुखतो असें मुलानें सांगितलें तर तेंही तेथेंच टिपावें. बेरीज फुगली तर शिक्षकास भेटून एखादा सामना सोडण्यास सांगण्याचें धैर्य आईबापांनीं दाखवावें. सामना पुढल्या वर्षीं पुन्हां येईल. गुडघे मात्र जन्मभर तेच वापरावयाचे आहेत.