मधली बारा वर्षं



आपल्याकडे दोन भावंडं एकत्र दिसली की ओळखपाळख झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमच्यात अंतर किती?’ दोन वर्षांचं म्हटलं तर लोक हसून म्हणतात, ‘मग भांडत असाल!’ दहा-बारा वर्षांचं म्हटलं तर म्हणतात, ‘मग काय, बहीण कसली, आईच ती!’ आज मला या दुसऱ्या उत्तराविषयी बोलायचं आहे.

आम्ही तीन भावंडं. भाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि आपा बारा वर्षांनी. भाईची आणि माझी गोधडी एक, पाटी एक, आणि पाटी फुटली तर मारही दोघांना सारखाच. आमचं एकाही गोष्टीवर एकमत नसायचं. पण त्यानं जुनी आठवण सांगायला सुरुवात केली, की पुढचं वाक्य मी सांगायचो. आठवणी दोघांच्या होत्या, म्हणून भांडणही दोघांचं होतं.

आपाचं तसं नव्हतं. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि ती चौदा वर्षांची. अम्मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात दोन पोरांकडे बघायला कुणीतरी हवं, म्हणून आपाची शाळा आठवीत थांबली. कामावर मिळणारी सुकडी, मिलोची लाल भाकरी, पाण्याच्या टँकरभोवतीची घागरींची रांग हे सगळं मला माहीत आहे ते तिच्याच तोंडून. त्या वर्षातला मी तिला पाठ आहे. त्या वर्षातली ती मला आठवत नाही. मला कळू लागलं तेव्हा तिचं लग्न झालं होतं आणि ती ईदेला पिशवी घेऊन येणारी पाहुणी होती.

जास्त अंतराच्या भावंडांत हे असंच होतं. थोरलीकडे धाकट्याचं सगळं बालपण असतं. धाकट्याकडे तिच्या बालपणाचा एक तुकडाही नसतो. शाळेत तुला काय आवडायचं, हे मी आपाला पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. ती म्हणाली, ‘नकाशा काढायला.’ घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

वर्षांचा हिशोबही गमतीचा आहे. मी दोन वर्षांचा असताना तिचं वय माझ्या सातपट होतं. आज मी पंचावन्नचा, ती सदुसष्टची. दोघांचे गुडघे दुखतात, दोघांची रक्तदाबाची गोळी एकच. अंतर बाराचंच राहिलं, पण त्याला अर्थ उरला नाही. उरली ती लहानपणी पडलेली भूमिका. तिनं द्यायचं आणि मी घ्यायचं.

अंतर कमी असलं म्हणून ही भूमिका चुकतेच असं नाही. मंगेशकर भावंडं साधारण दोन-दोन वर्षांच्या अंतराची. १९४२मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लताबाई अवघ्या बारा वर्षांच्या होत्या आणि हृदयनाथ चार वर्षांचे. घराचा भार थोरलीवर आला आणि ती चित्रपटात काम करू लागली. ओझं वयाचं अंतर बघून येत नाही.

पण ही भूमिका मोडताही येते. परंपरेनं मानलेल्या सनांप्रमाणे निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांच्यातही दोन-दोन वर्षांचंच अंतर. थोरला भाऊ ज्ञानदेवांचा गुरू झाला. आणि लोकांच्या बोलण्यानं व्यथित होऊन ज्ञानदेव दार लावून बसले, तेव्हा त्यांना समजावलं सर्वांत धाकट्या बहिणीनं. ताटीचे अभंग म्हणजे धाकटीनं थोरल्याला हक्कानं सुनावलेले बोल. रवींद्रनाथ ठाकूर यांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, म्हणजे आमच्याइतकंच अंतर. ते पियानोवर चाली बांधायचे आणि रवींद्रनाथ त्यांवर शब्द रचायचे. या भावानं आपल्याला पोर समजून बाजूला ठेवलं नाही, हे रवींद्रनाथांनी कृतज्ञतेनं लिहून ठेवलं आहे. बारा वर्षांचं अंतर ओलांडायचं, तर पहिलं पाऊल थोरल्यानं टाकावं लागतं. आणि थोरली देता देता थकली असेल, तर ते धाकट्यानं टाकावं.

अब्बा गेल्यावर आमच्यावर ती वेळ आली. अम्मी आधीच गेली होती. मागे होतं ते गावातलं घर. शरियतप्रमाणे मुलाला दोन आणि मुलीला एक, असे पाच वाटे व्हायचे. आपा म्हणाली, ‘मेरेकू क्या करनेका हिस्सा? तुम दोनो खुश रहो.’ पाहुणेरावळेही म्हणाले, ‘ती तुम्हाला आईसारखी. आई कधी वाटा घेते का?’ ऐकायला किती गोड वाटतं! या गोड शब्दावर महाराष्ट्रात जातिधर्माचा भेद न राखता किती हक्कसोडपत्रं झाली असतील! हिंदू वारसा कायद्यात २००५मध्ये दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. आमच्याकडे मुलीचा वाटा तर कुराणातच सांगितलेला. तरी सही करून मोकळी होण्यात पुढे असते ती थोरलीच, कारण देण्याची सवय तिलाच लागलेली असते.

त्या दिवशी भाई बोलला. एरवी कमी बोलणारा माणूस. म्हणाला, ‘आई वाटा मागत नाही, हे खरं. पण आपा आमची आई नाही. ती अब्बांची मुलगी आहे.’ जन्मात पहिल्यांदा त्याचं आणि माझं एकमत झालं.

आपाला पटायला काही महिने गेले. वाटा घेतला की माहेर तुटतं, ही भीती तिच्या मनात खोल रुतलेली होती. अखेर घराच्या उताऱ्यावर तिचं नाव लागलं. माहेर काही तुटलं नाही. उलट ती आता भांडते! पत्रे बदलायचे की स्लॅब टाकायचा, परसातला लिंब ठेवायचा की काढायचा, यावर आम्हा दोघांना फोनवरून झापते. आई समजूत काढते, बहीण भांडते. हे भांडण मला पन्नाशीनंतर मिळालं, आणि ते मला हवं होतं.

तुमच्याही घरात अशी एखादी ताई, अक्का, आपा असेल. ‘तू आईसारखी’ असं तिला जरूर म्हणा. पण त्याआधी, तिची शाळा कुठं थांबली आणि तेव्हा तिला काय आवडत होतं, एवढं तिला विचारा. आणि वाटणीच्या कागदावर तिचं नाव लिहायची वेळ आली, तर ते बहीण म्हणूनच लिहा.